लघुलहरींवरील अठ्ठेचाळीस तास

‘हौस’ हा शब्द आपल्या घरांतून बहुधा खर्चाच्या संदर्भांत उच्चारला जातो. हौसेला मोल नाहीं असें तोंडानें म्हणत असतां तिचें मोल किती पडलें याचा हिशेबही आपण मनांत करीत असतों. हौशी मनुष्य म्हणजे ज्याला दुसरा उद्योग नाहीं असा मनुष्य, ही समजूत तर सुशिक्षितांतही रूढ आहे. परंतु विज्ञानाच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, त्यांत धंदेवाल्यांनीं टाकाऊ म्हणून सोडून दिलेली वस्तु हौशी लोकांनीं उचलली, आणि पुढें तिच्यावर साऱ्या जगाचा व्यवहार चालला. तें प्रकरण लघुलहरींच्या रेडिओचें होय. त्याच लहरींवर दरवर्षीं होणाऱ्या एका स्पर्धेचा, आणि तिच्या निमित्तानें घरांतील मुलांना मिळूं शकणाऱ्या शिक्षणाचा, परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा असा या लेखाचा हेतु आहे.

टाकाऊ लहरींची कथा

मार्कोनीनें १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिक महासागरापलीकडून बिनतारी संकेत ऐकल्याचें जाहीर केलें. त्या काळीं तज्ज्ञांची अशी समजूत होती कीं, लहर जितकी लांब तितका तिचा पल्ला मोठा. म्हणून १९१२ सालीं अमेरिकेंत कायदा झाला तेव्हां लांब लहरी आरमार, सरकार व व्यापारी कंपन्या यांच्याकडे गेल्या, आणि हौशी मंडळींच्या वांट्यास दोनशें मीटर व त्यांहून आंखूड लहरी आल्या. यांच्यावरून गांवाच्या वेशीपलीकडे फारसें कांहीं जाणार नाहीं, असा देणाऱ्यांचा अंदाज होता. हौशी लोकांनीं मिळालें तें घेतलें व रात्रीच्या रात्री जागून प्रयोग केले. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील लेआँ देलॉय व अमेरिकेंतील दोन हौशी चालक यांनीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार संदेशांची देवघेव केली, आणि तज्ज्ञांचा सिद्धान्त कोलमडला.

पुढच्याच वर्षाची गोष्ट आम्हांस अधिक मनोरम वाटते. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यूझीलंडांतील शॅग व्हॅली नांवाच्या आडगांवीं, मेंढ्यांच्या कुरणावर राहणाऱ्या फ्रँक बेल या तरुणानें लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशीं मोर्सच्या कडकट्टानें संभाषण केलें. पृथ्वीच्या गोलावर याहून दूरचीं दोन ठिकाणें काढूं म्हटलें तरी कठीण. एका टोकास शेतकरी व दुसऱ्या टोकास शाळकरी मुलगा, असें हें दृश्य होतें. फ्रँक बेल पुढें शेतीच्या व्यापांत गुंतला तेव्हां त्याची बहीण ब्रेंडा हिनें तें केंद्र हातीं घेतलें, आणि १९२७ सालीं न्यूझीलंडहून दक्षिण आफ्रिकेशीं पहिला संपर्क तिनें साधला. शाळकरी गॉयडर १९३६ सालीं आपल्याच देशांत ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन आला, व हिंदुस्थानांतील लघुलहरींचें जाळें त्याच्या देखरेखीखालीं उभें राहिलें.

आपले लोकही मागें नव्हते. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त यांना १९२१ सालींच हौशी केंद्राचा परवाना मिळाला होता, आणि सरकारी नभोवाणीचा मागमूसही नव्हता त्या काळीं, म्हणजे जून १९२३ मध्यें, मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणास आरंभ केला होता.

स्पर्धा कसली?

आज जगांत लक्षावधि परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत. त्यांच्या अनेक स्पर्धांपैकीं ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही सर्वांत गजबजलेल्या स्पर्धांत मोडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं आवाजाची व नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारीं मोर्सची, अशा तिच्या दोन फेऱ्या असतात. ‘सीक्यू’ हा जुना तारायंत्री संकेत. त्याचा अर्थ, ज्या कोणास ऐकूं येत असेल त्यानें उत्तर द्यावें. आपल्याकडील दवंडीसारखाच हा प्रकार; भेद इतकाच कीं येथें दवंडी ऐकणारा उलट बोलतो.

नियम सोपे आहेत. पृथ्वीचे चाळीस विभाग पाडलेले आहेत व भारत बाविसाव्या विभागांत मोडतो. अठ्ठेचाळीस तासांत जास्तींत जास्त केंद्रांशीं बोलावयाचें, आवाज कसा येतो याचा अंक व आपला विभाग सांगावयाचा, आणि समोरच्याचे तेच दोन आंकडे टिपून घ्यावयाचे. दुसऱ्या खंडांतील केंद्राचे तीन गुण, आशियांतीलच दुसऱ्या देशाचा एक, आणि आपल्याच देशांतील केंद्राचा गुण नाहीं. मग गुणांच्या बेरजेला, प्रत्येक पट्ट्यावर मिळालेल्या देशांच्या व विभागांच्या संख्येनें गुणावयाचें. कोणी परखंडांतील चाळीस व आशियांतील वीस केंद्रें गांठलीं तर गुण झाले १४०; त्यांत २५ देश व १२ विभाग आले असतील तर १४० ला ३७ नें गुणून ५,१८० हा निकाल. तात्पर्य, एकाच देशाशीं शंभरदां बोलण्यापेक्षां नवा देश शोधणें अधिक फायद्याचें, हें मुलाच्या ध्यानांत आपोआप येतें.

हिवरखेडचें घर

हिवरखेड हें अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें मोठें गांव. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून वऱ्हाडांतील जुन्या मंडळींस तें ठाऊक आहे. उत्तरेस मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेस कपाशीची काळी जमीन. गेल्या दिवाळींत भाऊबीज आटोपल्यावर आम्ही तेथें एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. हे गृहस्थ शाळेंत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि बरींच वर्षें परवानाधारक हौशी रेडिओचालक. घर एकत्र कुटुंबाचें. सणाकरितां लेक, सुना, जांवई सर्व जमलेले. तेरा वर्षांची नात व अकरा वर्षांचा नातू हे दोघे आजोबांचे शिष्य. मुलांच्या वडिलांस मात्र हा वेळेचा अपव्यय वाटे. खिशांतल्या फोनवर अमेरिकेंतल्या माणसाचें तोंड दिसत असतां, छपरावर तारा ताणून अनोळखी माणसाकडून दोन आंकडे ऐकण्यांत काय पुरुषार्थ, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याला टाळून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं.

शुक्रवार तार बांधण्यांत गेला. खरेदी करावी लागली ती तांब्याच्या तारेची. बाकी सामग्री घरची. आजोबांनीं नातवाला पाटी दिली व सांगितलें कीं, तीनशेंला १४·२ नें भाग. उत्तर आलें एकवीस मीटर आणि कांहीं अंश. ही त्या लहरीची लांबी. तिच्या निम्मे साडेदहा, आणि प्रत्यक्ष तारेंत लहर किंचित् आंखूड पडते म्हणून त्यांतून अर्धा मीटर वजा. म्हणजे दहा मीटर तार मधोमध कापून तेथें जोड द्यावयाचा. दुसरी तार सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची, वीस मीटर लांबीची. ‘‘हीच तार एकवीस मेगाहर्ट्झवरही चालेल, कां तें सांग,’’ असें आजोबांनीं विचारतांच नातीनें क्षणांत उत्तर दिलें, ‘‘सात त्रिक एकवीस.’’ पाढ्याचा असा उपयोग आम्ही तरी पूर्वीं पाहिला नव्हता.

धाब्यावरून परसांतील उंच कडुलिंबावर दोरी टाकण्याचें काम घरच्या सालदारानें केलें. ज्वारीच्या राखणीची गोफण त्यानें काढली, दगडाला सुतळी बांधली, आणि तिसऱ्या फेकीस ती शेंड्याच्या फांदीवरून पलीकडे नेली. काम झाल्यावर वर पाहून तो म्हणाला, ‘‘हे तार वांदरं तोडतीन ना जी!’’ सातपुड्याच्या कुशींतील गांवांत ही शंका निराधार नव्हती. म्हणून तारेचीं टोंकें झाडाला न बांधतां लांब नायलॉनच्या दोरीनें ओढून घेतलीं; वानरानें हिसका दिला तरी दोरी जावी, तार राहावी.

पहिला धडा: ऐकणें

स्पर्धेचा आरंभ जागतिक वेळेच्या मध्यरात्रीं, म्हणजे आपल्या शनिवारीं पहाटे साडेपांचाला होतो व शेवट सोमवारीं पहाटे साडेपांचाला. भिंतीवर दोन घड्याळें लावलेलीं होतीं. मुलें दोन दिवस त्या साडेपांच तासांच्या अंतराशीं झुंजत होतीं. सोमवारपर्यंत तें त्यांच्या बोटांवर बसलें.

मुलांना परवाना नसल्यामुळें बोलण्याचें काम आजोबांचें. मुलांनीं कानाला श्रवणयंत्र लावून ऐकावयाचें व वहींत टिपावयाचें. प्रथम त्यांना कांहींच कळेना. सगळा पट्टा माणसांच्या आवाजानें भरलेला. जत्रेंत हरवल्यासारखी स्थिति. मग आजोबांनीं सांगितलें कीं, सगळें ऐकूं नका, एकाच्याच मागें लागा. केंद्राच्या नांवाचीं आद्याक्षरें देश सांगतात: भारताचें व्ही यू, जपानचें जे ए, ऑस्ट्रेलियाचें व्ही के, दक्षिण आफ्रिकेचें झेड एस. अक्षरें परस्परांत मिसळूं नयेत म्हणून प्रत्येकास एक शब्द ठरलेला असतो. त्यामुळें आजोबा आपलें नांव ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ असें आरंभ करून सांगत. तें शंभरदां ऐकल्यावर आजींनीं देवघरांतून विचारलें, ‘‘अरे, हा व्हिक्टर आहे तरी कोण? सकाळपासून सांपडत नाहीं वाटतें!’’

सूर्य वर चढतांच जपानचे आवाज शेजारच्या खोलींतून यावे तसे येऊं लागले. तेव्हां नातवानें एक फार चांगला प्रश्न विचारला. ‘‘अकोल्यास तुमचे मित्र आहेत. ते याच पट्ट्यावर आहेत म्हणतां. मग जपान ऐकूं येतो आणि अकोला कां येत नाहीं?’’

या प्रश्नांत लघुलहरींचें सारें शास्त्र आहे. जमिनीलगत जाणारी लहर थोड्या कोसांत विरून जाते. आकाशाकडे गेलेली लहर सुमारें दोनशें ते चारशें किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थरावर वांकते व हजार, दोन हजार, तीन हजार किलोमीटरांवर पुन्हां जमिनीस येते. तेथून उसळून पुन्हां वर, पुन्हां खालीं. अशा उड्यांनीं ती जपानास पोंचते. मधला टापू तिच्या उडीखालीं कोरडा राहतो, आणि अकोला त्या कोरड्या टापूंत पडतें. हा थर सूर्याच्या किरणांनीं घडतो, म्हणून कोणत्या घटकेस कोणती दिशा उघडेल हें सूर्यच ठरवितो. सकाळीं पूर्व, दुपारनंतर यूरोप, रात्रीं सात मेगाहर्ट्झवर दूरचे देश, आणि पहाटे, आपल्याकडे उजाडत असतां व अमेरिकेच्या पूर्वकिनाऱ्यावर रात्र पडली असतां, थोडा वेळ अमेरिका. पाठ्यपुस्तकांत ‘पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते’ हें वाक्य मुलें दरवर्षीं वाचतात. तें फिरणें कानांनीं ऐकण्याचा योग या दोन दिवसांत येतो.

सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें चक्रही येथें प्रत्ययास येतें. सध्यांचें पंचविसावें चक्र २०२४ च्या सुमारास कळसास गेलें. अशा काळांत दहा व पंधरा मीटरांचे पट्टे थोड्या शक्तीनेंही जगभर पोंचवितात. चक्राच्या तळाशीं तेच पट्टे दिवसच्या दिवस मुके असतात. आजोबांची शक्ति पन्नास वॅटची होती. जुन्या साठ वॅटच्या दिव्याहूनही कमी.

दुसरा धडा: जें ऐकलें तेंच

दुपारीं नातीनें हरकत घेतली. प्रत्येक केंद्र ‘फिफ्टी-नाइन’ म्हणजे ‘उत्तम ऐकूं येतें’ असाच अंक देत होतें. ज्यांचा आवाज चाळणींतून गाळल्यासारखा येत होता तेही, आणि त्यांना आजोबाही. ‘‘हें खोटें नाहीं का?’’ असें तिनें स्पष्ट विचारलें. आजोबा हंसले व म्हणाले कीं, हा आतां केवळ रामराम झाला आहे. कोणी ‘कसें काय’ म्हटलें तर आपण ‘ठीक आहे’ म्हणतों, प्रकृतीचा तपशील देत नाहीं. पण विभागाचा अंक व केंद्राचें नांव यांत मात्र एका अक्षराचीही सूट नाहीं. स्पर्धेनंतर पांच दिवसांत प्रत्येकाची नोंदवही परीक्षकांकडे जाते, दोन्ही बाजूंच्या नोंदी एकमेकींशीं ताडून पाहतात, आणि चुकलेल्या नोंदीचे गुण तर जातातच, वर दंडही बसतो.

संध्याकाळीं याचाच प्रसंग आला. एका केंद्राचें शेवटचें अक्षर नातवास ऐकूं आलें नव्हतें, परंतु तें अमुकच असावें असें धरून त्यानें लिहिलें. आजोबांनीं तें खोडावयास लावलें. ‘‘ऐकलें तें लिही. ऐकावेंसें वाटलें तें लिहूं नको. शंका असेल तर पुन्हां विचार. विचारण्यांत लाज नाहीं,’’ एवढेंच ते म्हणाले. मुलगा थोडा रुसला. पण त्यानंतर ‘पुन्हां विचारा’ अशी त्याची खूण दर दहा मिनिटांनीं होऊं लागली.

वीज गेली तेव्हां

शनिवारीं दिवेलागणीपासून मोठी अडचण उभी राहिली. गल्लींतल्या घरांवर दिवाळीच्या विजेच्या माळा पेटल्या व पट्टाभर करकर सुरू झाली. स्वस्त माळा आणि भारक यांतील यंत्रणा लघुलहरींवर फार गोंगाट करते. शहरांतील हौशी मंडळींचा आज हाच मोठा शत्रु आहे. शेजाऱ्यांस सणाचे दिवे मालवा असें सांगणार कोण? तासभर मोठे आवाज तेवढे ऐकूं येत राहिले.

साडेसातच्या सुमारास वीज गेली. वऱ्हाडांत भारनियमनाचें नवल नाहीं. घरांतून नेहमींचा सुस्कारा निघाला व कोणी कंदील शोधूं लागलें. आजोबांनीं मात्र दोन तारा ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या, यंत्र लावलें, आणि हात वर करून सर्वांस गप्प केलें. गोंगाट पार नाहींसा झाला होता. काळोखांत, जेथें मघाशीं नुसती करकर होती तेथें, एकामागून एक अस्पष्ट आवाज उमटूं लागले.

त्यांतला एक अगदीं क्षीण होता. आजोबांनीं दोनदां कान दिला; तिसऱ्यांदा श्रवणयंत्र काढून नातीच्या हातीं दिलें व म्हणाले, ‘‘माझे कान आतां सत्तरीचे झाले. तूं ऐक.’’ मुलीनें डोळे मिटले. मिनिटभर कोणी बोललें नाहीं. मग तिनें एकेक अक्षर उच्चारीत लिहिलें: झेड, एस, पुढें आंकडा, पुढें तीन अक्षरें, आणि विभाग अडतीस. दक्षिण आफ्रिका! आजोबांनीं हांक दिली. पहिल्या तीन हांका वायां गेल्या. चौथ्या वेळीं पलीकडून त्यांचें नांव, एक अक्षर चुकवून, परत आलें; दुरुस्त केलें, आणि देवघेव पुरी झाली. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. परंतु त्या अर्ध्या मिनिटांत मुलीच्या चेहऱ्यावर जें दिसलें तें कंदिलाच्या उजेडांतही लपलें नाहीं. ब्रेंडा बेलची गोष्ट तिला आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं सांगितली.

मुलांचे वडील त्या वेळीं दाराशीं उभे होते. विजेबरोबर गांवांतील इंटरनेटही गेलें होतें, आणि हातांतला फोन कांहीं दाखवीत नव्हता. ते कांहीं बोलले नाहींत. आम्हींही तो विषय काढला नाहीं.

सव्विसावा विभाग

रविवारीं दुपारीं मात्र ते स्वतः होऊन नकाशापाशीं आले. अंदमान आपलाच, मग त्याचा विभाग सव्वीस व आपला बावीस असें कां, हें त्यांनीं विचारलें. उत्तर भूगोलाचें आहे: तीं बेटें आग्नेय आशियाच्या विभागांत पडतात, आणि हौशी जगांत तीं स्वतंत्र देशाप्रमाणें मोजलीं जातात. पण आजोबांनीं त्याबरोबर दुसरीही हकीकत सांगितली, आणि आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म तींत आहे.

अंदमानांतून हौशी केंद्र चालविण्यास कित्येक वर्षें परवानगी मिळत नव्हती. त्यामुळें जगांतील हौशी लोक त्या बेटांच्या एका हांकेसाठीं आसुसलेले होते. दीर्घ प्रयत्नांनंतर ती परवानगी मिळवून डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद या परवानाधारक महिलेच्या नेतृत्वाखालीं एक पथक पोर्ट ब्लेअरास गेलें. स्पर्धेसारखीच धामधूम चालली होती. जगभरांतून हजारों केंद्रें त्यांना हांका मारीत होतीं. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला व पाठोपाठ त्सुनामी आली. दूरध्वनि बंद पडले. त्या क्षणापासून पथकानें हौसेचे संपर्क थांबविले आणि त्याच यंत्रांवरून, त्याच तारांवरून, बेटें व मुख्य भूमि यांच्यामध्यें निरोप पोंचविण्याचें काम सुरू केलें. कोण सुखरूप आहे, कोणास काय हवें आहे, हें सांगणारा तो एक दुवा होता.

संकटाच्या दिवशीं क्षीण आवाज ओळखणें, एकेक अक्षर बिनचूक टिपणें, शंका आल्यास पुन्हां विचारणें, बॅटरीवर यंत्र चालविणें, झोप मोडून बसणें, हे गुण त्याच दिवशीं शिकतां येत नाहींत. ते आधीं कधीं तरी, कांहींच बिघडणार नाहीं अशा वेळीं, खेळांत शिकलेले असावे लागतात. स्पर्धेचें प्रयोजन हेंच. फोन उत्तम आहे, पण तो मनोऱ्याच्या, विजेच्या व कंपनीच्या आधारानें चालतो. हौशी चालकाच्या दोन टोकांमध्यें मात्र आकाशाखेरीज दुसरें कांहीं नसतें. पायथ्याच्या गांवावरून मेळघाटांत शिरतांच फोनचे कान कसे मिटत जातात हें हिवरखेडकरांस सांगावयास नको.

परवान्याविषयीं

जी वस्तु इतकी समर्थ आहे तिच्यावर राज्यकर्त्यांची नजर असणें स्वाभाविक आहे. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी परवाने रद्द केले. पुढें १९४२ च्या चळवळींत मुंबईच्या कांहीं तरुणांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याचें यंत्र उभारण्यांत नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओचालकाचें ज्ञान उपयोगीं पडलें, आणि ४२·३४ मीटरांच्या लघुलहरीवर २७ ऑगस्टपासून उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आवाज देशानें ऐकला. वरचेवर जागा बदलीत हें केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चाललें. त्या दिवशीं धाड पडली व उषाबेनना पुढें चार वर्षांची शिक्षा झाली. युद्धानंतर परवाने पुन्हां मिळूं लागले, आणि १५ मे १९४८ रोजीं महू येथें भारतीय हौशी रेडिओचालकांची संस्था स्थापन झाली.

आज या छंदांत गुप्त असें कांहींच नाहीं. उलट परवान्याशिवाय एक शब्दही हवेंत सोडावयाचा नाहीं, व परवाना असला तरी धंद्याचा वा राजकारणाचा मजकूर बोलावयाचा नाहीं, हा पहिला दंडक. परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याचा बिनतारी विभाग परीक्षा घेऊन देतो. परीक्षेंत प्राथमिक विद्युत्-शास्त्र व नियम असे दोन भाग; वरच्या श्रेणीस मोर्सही असे. १९७८ सालच्या नियमांत किमान वय बारा वर्षांचें ठेविलेलें होतें. अर्ज करण्यापूर्वीं चालू नियम पाहून घ्यावे हें उत्तम. परीक्षेचें केंद्र खेड्यांत नसतें. तेव्हां मुलाबरोबर, आणि विशेषतः मुलीबरोबर, जाण्यास घरांतील कोणी तरी एक दिवस काढावा लागतो. पुष्कळ घरांत विद्येची वाट बुद्धीच्या अभावीं अडत नाहीं. त्या एका दिवसापाशीं अडते. हिवरखेडच्या त्या गृहस्थांनीं सोमवारीं न्याहारीच्या वेळीं नागपूरच्या गाड्यांची चौकशी केली, एवढें येथें नमूद करतों.

आमच्या वाचकांस

खर्चाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. विलायती यंत्रें महाग आहेत हें खरें. पण हैदराबादचे अश्हर फरहान यांनीं रचलेल्या ‘बिटेक्स’ या साध्या यंत्राची कीर्ति जगभर झाली आहे, आणि सहज मिळणाऱ्या भागांतून असंख्य लोकांनीं तें हातानें जुळविलें आहे. स्पर्धेंत पांच वॅटच्या आंतील शक्तीचा वेगळा वर्गही असतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं तर ‘स्वयम्’ नांवाचा एक किलोहून थोडा हलका उपग्रह हौशी लोकांच्या संदेशांकरितां घडविला, व २२ जून २०१६ रोजीं तो आकाशांत गेला.

दोन सावधगिरीच्या सूचना मात्र देतों. उघड्यावरची तार विजेच्या खांबांपासून दूर असावी, आणि मेघगर्जना होऊं लागतांच ती यंत्रापासून सोडवून घराबाहेर टाकावी. ही शिस्त मोठ्यांनीं पाळली तरच मुलें पाळतात. दुसरी गोष्ट, साध्या बाजारी रेडिओवर हे हौशी आवाज बदकांच्या कलकलाटासारखे ऐकूं येतात व मूल निराश होतें. आरंभ एखाद्या परवानाधारकाच्या घरीं, त्याच्या शेजारीं बसूनच करावा. असे लोक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस शिष्य हवे आहेत. कारण त्यांचे कान आतां म्हातारे होत चालले आहेत.

ज्यांच्या घरीं बारा-तेरा वर्षांचें, प्रश्न विचारणारें मूल आहे, त्यांनीं ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवारची आतांच खूण करून ठेवावी. त्या पहाटे साडेपांचाला त्याला उठवावें, अंगावर शाल घालावी, आणि अशा एखाद्या गुरुजींच्या दारीं नेऊन सोडावें. परत केव्हां न्यावयाचें हें मात्र मुलालाच विचारावें.